केसरवहिनीचा निरोप्या

सरपंचदादा, गावातली थोर मंडळी, शाळेचे गुरुजी, शहादा-प्रकाशाहून आलेले पाहुणे, आणि तिकडे लिंबाखाली डोळ्याला पदर लावून बसलेल्या माझ्या माय-बहिणींनो,

ऐन वेचणीचे दिवस. शेतात कापूस फुटून पांढरं झालंय, आणि तरी तुम्ही सगळे काम टाकून आलात. एका बाईसाठी. आपल्या गावात बाईसाठी शोकसभा कधी झाली होती का? मला तरी आठवत नाही. अर्थात माझ्या आठवणीचं काही खरं नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

पाहुण्यांना माहीत नाही, म्हणून सांगतो. मी निंबा. गेलेल्या केसरबाईंचा धाकटा दीर. बारा वर्षांपूर्वी माझं डोकं फुटलं. तेव्हापासून शब्द माझ्याशी लपंडाव खेळतात. बोलता बोलता मी थांबेन. थांबलो की कुणी मागून शब्द पुरवायचा नाही! गुरुजी, तुम्हाला खास सांगतो, तुम्हाला सवय आहे. मी अडलो तर अडू द्या. शब्द माझा आहे, मीच शोधीन. वहिनीचा तसा हुकूम होता. ती गेली म्हणून हुकूम मोडायचा नाही.

तर ऐका.

दोन गाड्या कापूस भरून आम्ही शहाद्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, निघालो होतो. दामूदादा, माझा मोठा भाऊ, गाडी हाकत होता. मी वर बोऱ्यांवर ऐसपैस पसरलेलो. चोवीस वर्षांचा गडी, अंगात मस्ती. दादा म्हणाला, "खाली उतर, नाला उना." मी ऐकलं नाही. नाला आला, त्याच्यावरच्या फरशी-पुलावर चाक खचलं, गाडी कलंडली, आणि मी डोक्यावर जाऊन आपटलो तो... तो कडेला असतो ना... दगडी... थांबा.

कठडा. हां, कठडा.

एकोणीस दिवस मी बेशुद्ध होतो. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून साकळलेलं रक्त काढलं. विसाव्या दिवशी डोळे उघडले. पण उजवा हात मेलेला, उजवा पाय मेलेला, आणि तोंडातून शब्द नाही. डॉक्टर दादाला म्हणाले, जीव वाचलाय, पण माणूस किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. मात्र जे करायचं ते आजपासून करा. घरी गेल्यावर बघू म्हणाल तर हात-पाय आखडून बसतील.

दादा व्हरांड्यात बसून रडायचा. आत माझ्याजवळ होती वहिनी. जिने माहेर आणि सासर सोडून तिसरं गाव पाहिलं नव्हतं, ती केसर. तिथे एक नर्स होती, नवापूरकडची ख्रिस्ती बाई, सगळे तिला सिस्टर म्हणत. तिने वहिनीला हाताला धरून शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. पायाच्या तळव्याला फळी टेकवून ठेवा, नाहीतर पाऊल लोंबेल. बोटापासून खांद्यापर्यंत एकेक सांधा रोज हलवा. आणि बोला. त्याच्याशी सारखं बोला.

वहिनी म्हणाली, "पण बाई, त्याला कळत नाही ना."

सिस्टर म्हणाली, "कळतं असं धरून चाला. आज वार कोणता ते सांगा. कोण आलं, कोण गेलं ते सांगा. आणि तो मागेपर्यंत सगळं हातात देत बसू नका."

मंडळी, मला कळत होतं. सगळं नाही, पण बरंच.

मग मला घरी आणलं. घरी माझी माय होती. तिने मला लहान बाळ करून टाकलं. खायला घास, प्यायला पाणी, माशी बसली तर पदराने वारा. डोळा हलवला की माय धावत यायची. मला तोंड उघडायची गरजच काय होती? आणि तुम्ही सगळे! खोली अंधारी ठेवा म्हणालात. बोलू नका, मेंदूला झटका बसेल म्हणालात. दारातून डोकावायचात, चुकचुकायचात, आणि माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलायचात. उखाजीबाबा, हसू नका, तुम्ही पुढेच बसलाय म्हणून तुमचं नाव घेतो. वहिनी माझा दंड उचलून फिरवत होती, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना, "हाई बाई त्या मरेलले काबर छळी ऱ्हायनी?"

सगळं गाव म्हणालं, पडू द्या त्याला. वहिनीने ऐकलं नाही. माय म्हणाली, हात लावू नको माझ्या लेकराला. वहिनीने ऐकलं नाही. तिने खिडकी उघडली. तिने माझी खाट फिरवून ओसरीच्या दारात आणली. रोज सकाळी कानाशी येऊन सांगायची, निंबाभाऊ, आज बुधवार शे, लाल गाय व्याली, तुन्ही माय मन्हावर रागे शे. ओरडायची नाही. माय शिव्या घालत असताना ही शांतपणे माझी बोटं एकेक उघडत बसायची. शिव्यांना उत्तर नाही आणि काम बंद नाही.

एक दिवस सरकारी माणूस घरांची माहिती लिहायला आला. ओसरीत आप्पांजवळ बसला. आप्पा म्हणजे माझे वडील. ते बघा, पहिल्या रांगेत, काठी घेऊन. त्या माणसाने विचारलं, मुलगे किती? आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "एकच."

मी चार हातांवर पडलो होतो. मी ऐकलं.

आप्पा, मी आज तुमच्यावर रागावलेलो नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. तुम्ही पोराला मनातल्या मनात जाळून मोकळे झाला होतात, रोज रोज जाळण्यापेक्षा. पण त्या दिवशी मी आतून इतका ओरडलो, इतका ओरडलो, आणि बाहेर नुसती लाळ आली.

वहिनीनेही ते ऐकलं होतं. पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन ती दाराआड उभी होती. ती काय बोलणार? आपली रीत तुम्हाला माहीत आहे. सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. लग्न होऊन आठ वर्षं झाली होती, तिचा आवाज आप्पांनी सरळ कधी ऐकला नव्हता. आप्पाही तिला सरळ हाक मारत नसत. काही सांगायचं तर मायमार्फत. माय घरात नसली तर वहिनी बांगड्या वाजवायची नाहीतर दारात तांब्या आपटायची. आप्पा समजून उठायचे. एवढंच त्यांचं संभाषण.

आली वेचणी. असेच दिवस होते. माय, दादा, सगळे शेतात. दुपारी आप्पा जेवायला घरी यायचे. घरात वहिनी, मी, आणि ओसरीत आप्पा. पहिल्या दिवशी मी वाट पाहतोय, आता तांब्या वाजेल. तांब्या वाजला नाही. वहिनी पदर ओढून माझ्या खाटेशी आली आणि आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली,

"निंबाभाऊ, आप्पासले सांग, ताट वाढेल शे."

आणि गेली आत!

आता गंमत बघा. आप्पांनी ते ऐकलं. दोन हातांवर तर बसले होते. पण सुनेचं बोलणं कानावर पडलं असं सासऱ्याने दाखवायचं नसतं. निरोप पोचवणाऱ्याने पोचवला की मग उठायचं. आणि निरोप्या कोण, तर हा मुका! आप्पा माझ्याकडे बघतायत, मी आप्पांकडे. भाकरी निवतेय. अर्धा तास गेला. आप्पा उठले, टोपी झटकली आणि उपाशी शेतात गेले.

संध्याकाळी घरात रणकंदन. माय म्हणाली, सून सासऱ्याला उपाशी मारते. दादाही चिडला. वहिनीचं एकच उत्तर, "मी तर सांगं व्हतं."

दुसऱ्या दिवशी तेच. "निंबाभाऊ, आप्पासले सांग." तिसऱ्या दिवशी तेच. आप्पा हट्टी, ही त्यांच्याहून हट्टी. आणि मध्ये मी. मंडळी, मला बाप उपाशी जाताना दिसत होता. माझ्यामुळे! एवढे महिने मला सगळ्यांनी सेवा दिली होती. वहिनीने मला काम दिलं. काम केलं नाही तर बाप उपाशी राहणार, असलं काम. मी रडायचो. तोंड वेडंवाकडं करायचो. मनात शब्द लख्ख दिसायचा, जिभेपर्यंत येता येता कुठे पडून जायचा कोण जाणे.

सहाव्या दिवशी आप्पा उठले. टोपी घातली. उंबऱ्यापर्यंत गेले.

आणि मी म्हणालो, "जे."

आप्पा थांबले. मागे वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "काय?"

"जे... वा."

चौदा महिन्यांनी. चौदा महिन्यांनी माझ्या तोंडातून निघालेला पहिला शब्द. आप्पा वळले. त्यांचं तोंड मी असं कधी पाहिलं नव्हतं. आत जाऊन पाटावर बसले. वहिनीने पदर ओढून ताट पुढे सरकवलं. आप्पांनी घास उचलला. मी खाटेवरून बघत होतो. माझा बाप भाकरीवर डोळ्यांतलं पाणी गाळत होता. आणि वहिनी? चुलीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी नंतर कितीदा विचारलं, तिने कधी सांगितलं नाही.

तुम्हाला वाटेल, झालं. छे! आता आप्पांना चटक लागली. दुसऱ्या दिवशी मी "जेवा" म्हणालो तर आप्पा जागचे हलेनात. म्हणाले, "इचार तिले, भाजी कशानी शे?" वहिनी आतून म्हणाली, "सांग त्यासले, वांगानी." मी घाम गाळून "वांगं" म्हणालो. आप्पा उठले. सासरा-सून एकमेकांशी एक शब्द न बोलता एक झाले होते, आणि मी मध्ये सापडलो!

वांगं माझ्या जिभेला असं चिकटलं की विचारू नका. डाळ केली तरी वांगं. मेथी केली तरी वांगं. पाणी हवं तर वांगं, दामूदादा आला तर वांगं. पोरं मला वांगंकाका म्हणायची. त्यातली काही आज मिशा फुटून इथे बसलीत, मी ओळखतो. वहिनीने काय करावं? दोन महिने घरात वांगं शिजवलं नाही. बाजारातून आणूही दिलं नाही. म्हणाली, वांगं संपलं, आता दुसरं काहीतरी शोध. शोधावं लागलं बाबा.

असा मी त्या घराचा टपालवाला झालो. निरोप लांबत गेले. "आप्पासले सांग, तमाखू भिंतवर थुकू नका, मी कालदिन लिपेल शे." हे एवढं लांब वाक्य मी नेऊन पोचवायचो, अर्धं वाटेत सांडायचो, परत विचारायला जायचो. आधी खाटेवरून. मग वहिनीने खाट ओसरीतून हलवून मागच्या पडवीत टाकली. का? तर आप्पांकडे चालत जाऊन सांगावं लागावं म्हणून! भिंतीला धरून, लाल गायीच्या पाठीवर हात टाकून, पाय फरपटत मी जायचो. पोचेपर्यंत निरोप विसरायचो. पुन्हा मागे. दिवसाला किती फेऱ्या झाल्या असतील! धुळ्याला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर मला उभा पाहून म्हणाले, याला व्यायाम कोण देतं? दादा म्हणाला, व्यायाम नाही साहेब, हा निरोप सांगतो.

सगळं गोडगोड नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. डोकं फुटलेल्या माणसाला राग फार येतो. उगाच येतो, कुठूनही येतो. एकदा ती माझ्या उजव्या हाताने कापसाची बोंडं सोलून घेत होती. रोज शंभर बोंडं, डाव्या हाताने मदत नाही. बोटं उघडेनात. मी डाव्या हाताने जेवणाची पितळी उचलून तिला मारली. कपाळ फुटलं. रक्त आलं. माय म्हणाली, बघ, याच्यासाठी मरत होतीस! वहिनीने हळद दाबली, पितळी उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाली, "साठ व्हयनात. चाळीस बाकी शेतस." ती खूण तिच्या कपाळावर शेवटपर्यंत होती. कुंकवाच्या वर, डावीकडे. परवा तिला आंघोळ घालताना बायकांना दिसली असेल. ती माझी आहे. मला तिची लाज वाटते आणि आज सगळ्यांसमोर मी तिची माफी मागतो.

लोकांना वाटतं, वर्षभरात जे यायचं ते येतं, मग थांबतं. खोटं! मला आधी आपली अहिराणी परत आली. ही शाळेची मराठी, जी मी आता बोलतोय, ती चौथ्या वर्षी आली. मी सातवी पास, पण पाटीवर स्वतःचं नाव पाचव्या वर्षी लिहिलं, डाव्या हाताने. सातव्या वर्षी एकटा तापीवर जाऊन आंघोळ करून आलो. आठव्या वर्षी गाडी जुंपली, कापूस भरला आणि त्याच फरशीवरून हाकत शहाद्याला नेली. वहिनी मागे बोऱ्यांवर बसली होती. फरशी आली तसं मी म्हटलं, "उतर, नाला उना." ती म्हणाली, "गाडी कोन हाकी ऱ्हायना?" म्हटलं, "मी." म्हणाली, "मंग कशाले उतरू?"

आणि ती जनगणना. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची. लिहायला हे गुरुजीच आले होते, साक्षीला आहेत. ओसरीत बसले, कागद काढला, आप्पांना म्हणाले, सांगा घरात कोण कोण. आप्पा म्हणाले, "मी नही सांगाव. निंबा, तू सांग." मी उभा राहिलो. मी सगळी नावं सांगितली. वडील, आई, मुलगे दोन, मोठा दामू, धाकटा निंबा. गुरुजी, एकदाही अडलो नाही ना? आणि सुनेचं नाव, जे आमच्या घरात मोठ्याने कुणीच घेत नव्हतं, तेही मी सांगितलं. केसरबाई. दाराआड बांगड्या वाजल्या. त्या दिवशी मी मायला मिठी मारून रडलो. माय म्हणाली, मी तुला बाळ केलं होतं, तिने माणूस केला. माझी माय हे म्हणून गेली, हे मोठं आहे.

मग लोक येऊ लागले. अंगावरून वारा गेलेले, पडलेले, तोंड वाकडं झालेले. तोरणमाळकडचा रूपसिंग पावरा तिथे मागे बसलाय. मोहाच्या झाडावरून पडला होता, झोळीत घालून खाली आणला. वहिनीला त्यांची पावरी बोली येत नव्हती, त्याच्या बायकोला अहिराणी येत नव्हती. वहिनीने त्याच्या बायकोचे हात आपल्या हातात घेतले आणि सांधे कसे फिरवायचे ते दाखवलं. रूपसिंग, उभा राहा. बघा मंडळी. डोंगर उतरून आलाय, पायी!

परवा ती गेली. काविळीने, पंधरा दिवसांत. सदतीस वर्षांची. तिच्यासाठी मला काहीच करता आलं नाही, आणि हे दुःख मी लपवणार नाही.

काल आम्ही अस्थी घेऊन तापीवर गेलो. दादा, मी, आप्पा. आप्पांना पाण्यापर्यंत धरून नेलं. मी सवयीने त्यांच्या बाजूला उभा राहिलो. वाटलं, आता म्हणतील, निंबा, तिला सांग. वीस वर्षांत ते तिच्याशी एक शब्द सरळ बोललेले नाहीत. मी कान देऊन उभा. आप्पांनी मला हाताने बाजूला सारलं. पाण्यात दोन पावलं पुढे गेले आणि मोठ्याने, तिच्या नावाने हाक मारली.

"केसर! बेटी, तू मन्हा पोऱ्या माले परत दिना. मी तुन्हासंगे कधी बोलनू नही. आते बोली ऱ्हायनू."

आणि बोलत राहिले. बराच वेळ. काय बोलले ते मी सांगणार नाही, ते त्या दोघांचं आहे. माझी तिथे गरज नव्हती. मी लांब जाऊन वाळूत बसलो, आणि खरं सांगतो, मला रडू आलं नाही. माझी छाती फुगली. अशी बाई आमच्या घरात होती!

आता रीत अशी आहे, की सगळ्यांनी उभं राहून मौन पाळायचं. उभे राहा. पण मौन नको. चौदा महिने मौन मी पाळलंय, सगळ्या गावाच्या वाटणीचं. इथले किती पुरुष तिच्याशी कधी समोरासमोर एक वाक्य बोलले? दामूदादा आणि मी सोडून एकही नाही. तिने आपल्याला बरं केलं, आपल्या भावांना बरं केलं, आणि आपण तिला निरोप पाठवत राहिलो. आज सरळ बोला. तिचं नाव घ्या आणि बोला, तोंडाने, मोठ्याने. अडखळलात तरी चालेल. आधी मी.

केसरवहिनी, मी निंबा. हाई सगळं मी बोलनू, कोनी शब्द दिना नही. तुले नमस्कार.

चला आप्पा. उखाजीबाबा. गुरुजी. बोला.